वरून सुखोई, खाली टिटवी

निफाड तालुक्यात फिरायला जाताना शांततेची अपेक्षा ठेवायचीच नसते, कारण ओझर शेजारी आहे. एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, लढाऊ विमानांचा कारखाना तिथे १९६४ पासूनचा, आधी मिग-२१ व्हायची, मग सुखोई आली, आणि बनवलेलं विमान टेस्ट करायला शेवटी आकाशच लागणार ना, ते नेमकं मामाच्या गावावरचं. तिथली माणसं विमान आलं की अर्ध्या वाक्यात थांबतात, ते गेलं की उरलेलं वाक्य पूर्ण करतात, मान सुद्धा वर करत नाहीत. घरात सून नवीन आहे हे ती दचकून वर बघते त्यावरून कळतं असं मामी म्हणते.

पण २०२५ च्या मे मध्ये सगळेच नव्या सुनेसारखे वर बघायला लागले होते. पहलगाम होऊन दोन आठवडे झालेले, ७ तारखेच्या मध्यरात्री ऑपरेशन सिंदूर, त्याच दिवशी मॉक ड्रिल, त्या यादीत नाशिक, सिन्नर, मनमाड पण, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर काय विचारूच नका. मी मोबाईल घरी ठेवून मुद्दाम पाटाच्या कडेने निघाले, म्हटलं तासभर बातम्या नकोत. आणि आलंच ते, बातमी स्वतः डोक्यावरून गेल्यासारखं.

सुखोई आवाजावरून शोधायला गेलात तर दिसत नाही. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, तोपर्यंत विमान कुठल्या कुठे, म्हणून आधी पुढे बघायचं, हे तिथल्या पोरांना पाठ असतं. एरवी मी बघितलं असतं आणि सोडून दिलं असतं. त्या दिवशी मात्र हे रोजचं टेस्टिंगच आहे ना, आज जरा जास्तच खालून गेलं का, एकच होतं की मागून अजून येतायत, असलं सगळं डोक्यात चालू झालं, खरंतर विमान तेच, आवाज तोच.

पायाशी टिटवी ओरडत होती. बांधावरच्या खड्यांमध्ये तिची चार अंडी, टोकं आत करून मांडलेली, ठिपक्या ठिपक्यांची, दोन पावलांवर येईपर्यंत खडेच वाटले. विमानाच्या आवाजात तिची चोच नुसतीच उघडमीट होताना दिसत होती. तिने वर एकदाही बघितलं नाही, सगळा राग माझ्यावर! बरोबरच आहे म्हणा, अंड्यांवर पाय माझा पडणार होता.

तसं वरून काहीच पडत नाही असंही नाही हं. २०१८ मध्ये पिंपळगाव बसवंतजवळ सुखोई पडलं, परत ४ जून २०२४ ला शिरसगावच्या शेतात, नेमका लोकसभेच्या निकालाचा दिवस. दोन्ही वेळा पायलट वाचले.

पुढे मामा भेटला, तोही वर बघत उभा. मला वाटलं हाही घाबरला, तर म्हणे विमान कुठे बघतो मी, पश्चिमेला बघ काय भरून आलंय. कांदा काढून शेतातच पडलेला, चाळीत भरायचा बाकी, आणि मे महिन्यात रोज पाऊस. मग दोघांनी ताडपत्री ओढली.

रात्री आबांना एकाहत्तरच्या युद्धाचं विचारलं. म्हणाले शहरात काचांना काळे कागद लावायचे, गाड्यांचे दिवे अर्धे काळे करायचे, आपल्याकडे वीजच नव्हती, कंदील तो किती लपवायचा. भाच्याने विमानाचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवला होता, त्याला मामी ओरडली, सरकारने टीव्हीवाल्यांना सांगितलंय असलं दाखवू नका, तू कोण लागून गेलास.

१० तारखेला संध्याकाळी शस्त्रसंधी झाली. ऑक्टोबरमध्ये ओझरला तेजस विमानांची लाइन सुरू झाली तेव्हा फोनवर आबांना म्हटलं, आता अजून विमानं, पण तेजसला एकच इंजिन असतं हं, सुखोईला दोन. "मग निम्मा आवाज," आबा म्हणाले, "निम्मं वाक्य तरी पुरं होईल."