केबलच्या दोन टोकांना

स्मरणिकेसाठी आठवण लिहून पाठवा, असे पत्र शाळेकडून आले तेव्हा मला सर्वांत आधी आठवली ती गणिताची चौकटीची वही आणि तिच्या शेवटच्या पानांवर मी आखलेला पोकेमॉनचा, म्हणजे काल्पनिक प्राणी पकडून त्यांना लढवण्याच्या खेळाचा, तक्ता.

२००१ साली मी आठवी 'अ'मध्ये होतो. मस्कतहून सुट्टीवर आलेल्या मामाने माझ्यासाठी गेमबॉय कलर हे हातात धरून खेळायचे यंत्र आणि 'पोकेमॉन रेड'ची कॅसेट आणली होती. आपली शाळा मराठी माध्यमाची असल्याने माझे इंग्रजी बेताचेच होते. 'इव्हॉल्व्ह', 'पॅरलाइज्ड' असे शब्द मी शब्दकोशात शोधून पाठ केले. मी आगीचा चारमँडर निवडून निघालो होतो आणि पहिल्याच जिममधल्या, म्हणजे खेळातल्या लढतीच्या आखाड्यातल्या, ब्रॉककडे दगडाचे पोकेमॉन होते. तिथे मी इतक्या वेळा हरलो की कोणता प्रकार कोणावर भारी पडतो हे नीट मांडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, हे कळून चुकले. म्हणून तो तक्ता.

एकदा तासाला ती वही बाईंच्या हाती लागली. पान फाडले जाणार, या भीतीने मी उभा राहिलो, पण बाईंनी तक्ता शांतपणे वाचला आणि विचारले, "प्रकार पंधरा, मग घरे किती?" मी म्हणालो, "दोनशे पंचवीस." "आणि विजेचा मार पाण्यावर दुप्पट, उडणाऱ्यावरही दुप्पट, असे तू लिहिले आहेस. मग जो पाण्याचाही आहे आणि उडणाराही आहे, त्याच्यावर किती?" अशाच ग्याराडोस या पोकेमॉनवर विजेचा मार चौपट का बसतो, याचा उलगडा मला त्या क्षणी झाला. बाईंनी वही परत दिली आणि त्रैराशिक पुढे सुरू केले.

हा खेळ एकट्याने पूर्ण होत नाही. १५१ पोकेमॉनपैकी काही फक्त 'रेड'मध्ये सापडतात, काही फक्त त्याच्या जोडीच्या 'ब्लू' या कॅसेटमध्ये. ग्रोलिथ माझ्याकडे मिळणार, व्हल्पिक्स मिळणार नाही. 'ब्लू' होती 'ब' तुकडीतल्या एका मुलाकडे, ज्याच्याशी तोवर माझे एक वाक्यही बोलणे झाले नव्हते. शाळा सुटल्यावर त्याच्या घराच्या ओट्यावर आम्ही दोन्ही गेमबॉय केबलने जोडले. मी ग्रोलिथ दिला, त्याने व्हल्पिक्स दिला. मग त्याने आपला कदाब्रा माझ्याकडे पाठवला, कारण अदलाबदल केल्याखेरीज त्याचे पुढचे रूप, अलाकझॅम, होत नाही. कित्येक आठवडे वाढवलेला कदाब्रा त्याने जवळजवळ अनोळखी मुलाच्या हाती सोपवला आणि तो परत येईपर्यंत माझ्या स्क्रीनवरून नजर हटवली नाही. आमची मैत्री त्या संध्याकाळची आहे.

या मालिकेचा जनक सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदात किडे गोळा करत वाढला, हे मी पुष्कळ नंतर वाचले. गेमबॉयची केबल पाहून तिच्यावरून किडे या यंत्रातून त्या यंत्रात चालत जात आहेत, असे चित्र त्याच्या मनात उभे राहिले. जवळपास सहा वर्षे खपून त्याच्या चमूने २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' आणले. ओट्यावरची ती संध्याकाळ त्यालाही ओळखीची वाटली असती, असे मला मनापासून वाटते.

पुढचे भागही मी खेळलो. 'गोल्ड'मध्ये खरे घड्याळ होते, त्यामुळे रात्रीचे पोकेमॉन रात्रीच मिळत. दहावीच्या वर्षी त्यासाठी मी पांघरुणात दिव्याशिवाय धडपडलो आहे, कारण त्या स्क्रीनला स्वतःचा उजेड नसे. शेवटी माउंट सिल्व्हरच्या माथ्यावर पहिल्या भागातला मुलगा, रेड, एक शब्दही न बोलता समोर उभा राहतो. तसा काटा पुढच्या कोणत्याही भागात अंगावर आला नाही.

कॅसेटमधली नोंद नाण्याएवढ्या एका सेलवर टिकून असते. २०१२ साली मी माझी 'रेड' पुन्हा लावली तेव्हा तो सेल संपलेला होता आणि सगळे पुसले गेले होते. गेल्या दिवाळीत त्याच मित्राकडे फराळाला गेलो असताना त्याने कपाटातून आपली 'ब्लू' काढली. ती सुरू झाली. खेळातल्या पोकेमॉन ठेवायच्या पेटीत ग्रोलिथ होता आणि त्याच्या माहितीच्या पानावर, मूळ मालकाच्या जागी, आठवीतल्या मी टिपलेले माझे नाव होते.