ट्राउटबेकचं घर आणि लोकरीची गॅलरी

विंडरमिअर स्टेशनवरून ट्राउटबेकला मी चालतच गेले. अंतर पाचेक किलोमीटरच, पण चढाचं. पावसाची भुरभुर चालू होती. रस्त्याकडेला गाऱ्याशिवाय रचलेले दगडी बांध आणि त्यांच्या आडोशाला अंग चोरून उभ्या हर्डविक मेंढ्या. उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली ही अस्सल डोंगरी जात. कोकरू जन्मतं काळं, वयाबरोबर अंग करडं होतं आणि तोंड पांढरं. बांधाच्या दगडाला अडकलेला लोकरीचा एक झुपका मी बोटांनी चुरगळून पाहिला. राठ, तेलकट, मधूनमधून काळे केस. घोंगडीवर हात फिरवल्यासारखंच वाटलं.

मला बघायचं होतं टाउनएंड. 1626 च्या सुमाराला ब्राउन नावाच्या शेतकरी कुटुंबाने बांधलेलं हे घर 1943 पर्यंत त्यांच्याच पिढ्यांकडे होतं. आता जुन्या वास्तू आणि जमिनी जपणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था ते सांभाळते. राजा पहिल्या जेम्सच्या काळात इथल्या कुळांचा वारसाहक्क मोडीत काढायचा घाट घातला गेला होता. केंडल भागातली कुळं हटली नाहीत आणि 1625 मध्ये स्टार चेंबर न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. जमीन मुलाबाळांकडे जाणार याची खात्री असली की माणूस घरात पैसा घालतो. पुढच्या शे-सव्वाशे वर्षांत या दऱ्यांमधून दगडी घरं उभी राहिली, ती मला या खात्रीची घरं वाटतात.

भिंतींवर चुन्याचा हात, वर पाटीच्या दगडाचं छप्पर. वळचणीला मोठ्या फरशा आणि आढ्याकडे जाताना त्या लहान होत गेलेल्या. धुरांडी मात्र गोल! हा इथला दगड तासून काटकोनी कोपरे काढणं अवघड. गोल रचलं की कोपऱ्यांचा प्रश्नच उरत नाही.

घराचे मुख्य भाग दोन. चूल पेटती असायची ते ‘फायरहाउस’, म्हणजे बसण्याउठण्याची खोली. बोळाच्या पलीकडे ‘डाउनहाउस’, तिथे रांधणं, धुणं आणि बाकीची राबणूक. फायरहाउसमधलं ओकचं कोरीव काम पाहत मी बराच वेळ उभी होते. त्यातलं बरंचसं 19 व्या शतकातल्या जॉर्ज ब्राउन यांनी स्वतः केलेलं आहे, त्यामुळे दिसेल ती नक्षी चारशे वर्षांची समजू नये.

पण माझा जीव अडकला तो रस्त्यापलीकडच्या कोठारात. उतारावर बांधलेलं हे दुमजली कोठार. खाली गुरांचा गोठा, त्याची दारं उताराच्या बाजूला. वर गवत आणि धान्य, तिथे चढाच्या बाजूने थेट गाडी आत जाते. उताराचा असा उपयोग केल्यावर जिन्याने ओझी वाहायची वेळच येत नाही. आणि याच कोठाराला बाहेरून लाकडी गॅलरी, वर छपराची सावली. तिला ‘स्पिनिंग गॅलरी’ म्हणतात; बायका उजेडात बसून सूत कातायच्या, असं सांगतात.

दुसऱ्या दिवशी कॉनिस्टनजवळच्या यू ट्री फार्मची तशीच गॅलरी रस्त्यावरून पाहिली. छप्पर खाली ओढून घेतलेलं, कठड्याचे गज पावसाने काळपटलेले. त्या गारठ्यात तिथे तासन्‌तास चरखा चालला असेल, हे मला पटेना. अशा गॅलऱ्यांची तोंडं पुष्कळदा उत्तरेला किंवा पूर्वेला असतात, म्हणजे ऊन बेताचंच. कातरलेली ओलसर, तेलकट लोकर मात्र अशाच जागी सुकते: वारा लागतो, पाऊस लागत नाही. उन्हाळ्यात दोन घटका कोणी चरखा घेऊन बसलीही असेल, पण गॅलरी बांधली ती लोकरीसाठी, असं माझं मत आहे.

यू ट्री फार्म 1930 मध्ये बिअट्रिक्स पॉटर यांनी विकत घेतलं होतं. मुलांच्या पुस्तकांमुळे जग त्यांना ओळखतं, इथे मात्र त्या हर्डविक पाळणाऱ्या शेतकरीण होत्या. 1943 मध्ये त्या गेल्या तेव्हा चार हजार एकरांहून जास्त जमीन ट्रस्टला देऊन गेल्या आणि त्यांच्या डोंगरी शेतांवर हर्डविकच राहाव्यात अशी त्यांची इच्छा होती. इथल्या कितीतरी शेतांवर कूळ बदलतं, पण कळप हलत नाही. त्या डोंगराचा कुठला भाग आपला, हे कोकरू आईमागे फिरत शिकतं. दुसरीकडची मेंढी आणून सोडली तर ती तिथे थांबत नाही. म्हणून नव्या कुळाला घर, कोठार आणि मेंढ्या एकत्रच मिळतात, आणि जाताना तेवढ्याच मेंढ्या मागे ठेवाव्या लागतात.