तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाला कॅथलिक शाळेत घालावं का?

दर वर्षी गणपतीच्या सुमारास हा प्रश्न येतो. मूल नुकतंच इयर सिक्समध्ये, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षात गेलेलं असतं. माध्यमिक शाळेचा अर्ज ३१ ऑक्टोबरच्या आत भरायचा असतो. घराजवळ एक कॅथलिक शाळा असते आणि तिच्याबद्दल सगळेच चांगलं बोलत असतात. मग पुण्याहून, नागपूरहून इंग्लंडला येऊन चार-पाच वर्षं झालेले आईबाबा आरतीनंतर मला गाठतात. "ताई, तुमची मुलगी तिथेच होती ना? आपल्याला मिळेल का? आणि खरंच चांगली असते का?"

माझी मुलगी पश्चिम लंडनमधल्या एका सरकारी कॅथलिक शाळेत अकराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत शिकली. आम्ही हिंदू, घरात देवघर आहे, आणि ती शाळा तिला मानवली. तरीही विचारणाऱ्या प्रत्येकाला मी "घाला" म्हणत नाही.

आधी मनातलं कॉन्व्हेंट बाजूला ठेवा. आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी, शिस्त आणि फी. धर्माचं म्हणाल, तर ख्रिस्ती मुलं कॅटेकिझमला जायची आणि बाकीची मॉरल सायन्सला. राज्यघटनेचं २८वं कलमच सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणांनी नन्सच्या हाताखाली दहा वर्षं काढली आणि चर्च आतून पाहिलंही नाही.

इंग्लंडमधली सरकारी कॅथलिक शाळा निराळी. ती फुकट असते. आपल्या अनुदानित शाळेशी तिचं बरंच साम्य आहे: जमीन बहुधा धर्मप्रांताची, पगार आणि रोजचा खर्च सरकारचा. १९४४ च्या शिक्षण कायद्याने ही व्यवस्था घालून दिली. इमारतीच्या मोठ्या कामांचा काही हिस्सा, आता १० टक्के, व्यवस्थापनाने उभा करायचा असतो. म्हणून घरी 'गव्हर्नर्स फंड'ची चिठ्ठी येते. ती वर्गणी ऐच्छिक आहे, प्रवेशाशी तिचा काडीचा संबंध नाही, आणि परवडत नसेल तर न देण्यात काही गैर नाही. अलीकडे यातल्या बऱ्याच शाळा अकॅडमी, म्हणजे स्थानिक पालिकेऐवजी थेट केंद्र सरकारकडून पैसे घेणाऱ्या, झाल्या. त्यांच्या पैशांचा हिशेब बदलला, पण धर्माचं स्थान तेच राहिलं.

आणि ते स्थान सगळ्या मुलांसाठी आहे. धर्म हा विषय शिकवण्याच्या वेळेतला १० टक्के वेळ घेतो, जवळजवळ गणिताइतका. सोळाव्या वर्षी जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, तो घ्यावाच लागतो, आणि त्यात कॅथलिक ख्रिस्ती धर्माच्या जोडीला ज्यू धर्माचा अभ्यास असतो. हिंदू धर्म खालच्या इयत्तांत थोडाफार भेटतो, परीक्षेला नाही. एक विषय असा आधीच ठरलेला असल्यामुळे निवडीच्या विषयांत एक खण कमी होतो. माझ्या मुलीला संगीत आणि कॉम्प्युटर सायन्स दोन्ही हवे होते. एकच बसलं.

आता "मिळेल का" याबद्दल. अर्ज जास्त आणि जागा कमी असतील, तर या शाळांना कॅथलिक मुलांना आधी घेण्याची कायद्याने मुभा आहे. जागा उरत असतील, तर मात्र कुणालाही धर्मावरून नाकारता येत नाही. त्यामुळे 'आपल्याला घेत नाहीत' हे जितकं चूक, तितकंच 'अहो, सगळ्यांना घेतात' हेही. देशभरात या शाळांतली एक तृतीयांशाहून जास्त मुलं कॅथलिक नाहीत. पण हा आकडा तुमच्या गल्लीतल्या शाळेबद्दल काहीच सांगत नाही. काही शाळांत अर्धा वर्ग इतर धर्मांचा असतो, तर काहींत बाप्तिस्मा झालेल्या मुलांनाही दारातून परत जावं लागतं.

शाळेच्या वेबसाइटवर प्रवेशाचे निकष क्रमाने दिलेले असतात: सरकारच्या देखरेखीखाली असलेली किंवा पूर्वी असलेली मुलं, कॅथलिक मुलं, मग इतर ख्रिस्ती, मग इतर धर्मांची, मग उरलेले सगळे. तो क्रम वाचाच, पण खरी माहिती कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, प्रवेश-पुस्तिकेत असते. गेल्या वर्षी कोणत्या निकषाखाली किती मुलं घेतली आणि शेवटची जागा शाळेपासून किती अंतरावरच्या मुलाला मिळाली, हे बहुतेक कौन्सिलं त्यात छापतात. आपल्या निकषापर्यंत यादी पोचलीच नसेल, तर ओपन ईव्हनिंगला, म्हणजे पालकांना शाळा दाखवण्याच्या संध्याकाळी, हेडमास्तर कितीही गोड बोलले तरी उपयोग नाही. पोचली असेल, तर कौन्सिलच्या अर्जाशिवाय शाळेचा स्वतःचा पुरवणी फॉर्म आहे का ते बघा. काही शाळा इतर धर्मांच्या मुलांकडून देवळाचं किंवा धर्मगुरूचं पत्र मागतात. तो फॉर्म थेट शाळेत द्यायचा असतो आणि नेमका तोच आपल्या लोकांचा राहतो. लंडनमध्ये सहा शाळा लिहिता येतात आणि तुम्ही कोणती कितवी लिहिली हे शाळेला कळत नाही, त्यामुळे आवडती शाळा बिनधास्त वर लिहा. फक्त सहातली एक तरी अशी हवी, जिथे अंतरावर नक्की नंबर लागेल.

वर्षाच्या अधेमध्ये इंग्लंडला येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं: ज्या इयत्तेत जागा रिकामी आहे, तिथे धर्म आड येत नाही. लंडनमध्ये मुलांची संख्या घटते आहे. प्राथमिक शाळांमध्ये रिकामे बाक दिसू लागलेत आणि तीच मुलं पुढे माध्यमिकला येणार आहेत. फोन करून विचारायला काय जातं?

एक गोष्ट मात्र मी तोंडावर सांगते, आणि काही जण त्यामुळे नाराजही झालेत. शाळेसाठी मुलाचा बाप्तिस्मा करू नका. पहिली गोष्ट म्हणजे तो उपयोगी पडेलच असं नाही. काही शाळा तो जन्मानंतर किती दिवसांत झाला हे बघतात, काही ठिकाणी कुटुंब नियमित मिसाला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, येतं असं पाद्रीबाबांच्या सहीचं पत्र लागतं. पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. कुणाच्या श्रद्धेतला पायाचा संस्कार तुम्ही प्रवेशासाठी वापरता आणि दहा वर्षांच्या मुलाला ते सगळं कळत असतं. त्याला पुढची सात वर्षं त्याच शाळेत त्याच प्रार्थनांना उभं राहायचं आहे.

कारण या शाळेत प्रार्थना भिंतीवर लटकवलेली नसते. सकाळी हजेरीच्या वेळी ती होते. सत्राच्या सुरुवातीला मिसा होतो, ॲश वेन्सडेला, म्हणजे लेंट या ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राखेचा क्रूस लावतात, लेंटमध्ये गरिबांसाठी पैसे जमवतात, शुक्रवारी कँटीनमध्ये मासे असतात. मिसात कॅथलिक मुलं प्रसाद घ्यायला रांगेत जातात, तेव्हा बाकीची मुलं बाकावर बसून राहतात किंवा दोन्ही हात छातीवर दुमडून रांगेत जातात. हात दुमडलेले दिसले की पाद्री प्रसाद न देता आशीर्वाद देतात. माझी मुलगी पहिली दोन वर्षं बसून राहायची. पुढे जायला लागली. वरच्या वर्गात गेल्यावर पुन्हा बसू लागली. शिक्षकांनी एकदाही विचारलं नाही, आणि शाळा मनापासून आवडायला मला एवढं कारण पुरेसं होतं.

नोव्हेंबर हा कॅथलिक लोकांचा मृतांच्या स्मरणाचा महिना. शाळेच्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, एक जाड वही उघडी ठेवलेली असे, ज्याला वाटेल त्याने आपल्या माणसाचं नाव लिहायचं. माझे वडील गेले त्या वर्षी मुलीने चॅपलनला, म्हणजे शाळेतलं धर्मजीवन सांभाळणाऱ्या व्यक्तीला, विचारलं, मी आमच्या लिपीत लिहिलं तर चालेल का? त्यांनी होकार दिला, नाव दोनदा तिच्याकडून म्हणून घेतलं आणि महिनाअखेरच्या प्रार्थनेत नीट उच्चारात वाचलं. आमच्या घरी पितृपक्षात पान वाढलं जातं, तिला ते परकं वाटत नव्हतं, म्हणून हेही परकं वाटलं नाही. पण ज्या घरात मुलाने येशूचं गाणं गुणगुणलं की आजी अस्वस्थ होते, तिथे हे सगळं रोज भांडणाचं निमित्त होईल. पालकांना मुलाला धर्माच्या तासातून आणि प्रार्थनेतून काढून घेण्याचा कायदेशीर हक्क आहे. पण जिथे सगळी शाळा त्याच धाग्यात ओवलेली आहे, तिथे एकट्या मुलाला ग्रंथालयात बसवून ठेवायचं? मग शाळाच दुसरी निवडा ना. अर्थात, इंग्लंडमधल्या बिगरधर्मीय सरकारी शाळांनाही रोजची सामूहिक प्रार्थना कायद्याने सांगितलेली आहे. तिथे ती बहुतेक नावापुरती उरली आहे, इथे ती खरी आहे.

लैंगिक शिक्षणाचं धोरण प्रत्येक शाळेच्या वेबसाइटवर असतं. ते दोघांनी बसून वाचा. संततिनियमन, गर्भपात, समलिंगी विवाह हे विषय इथे चर्चच्या शिकवणुकीच्या चौकटीत मांडले जातात. आपल्यातल्या पुष्कळ पालकांना हे ऐकून बरं वाटतं. त्यांना मी एवढंच म्हणते की तुमचं मूल सोळाव्या वर्षी काय सांगत घरी येईल ते आज तुम्हाला माहीत नाही. ओपन ईव्हनिंगला हेडना सरळ विचारा: एखाद्या मुलाने शिक्षकांना सांगितलं की मी गे आहे, तर तुमच्याकडे पुढे काय होतं? समानतेचा कायदा या शाळेलाही लागू आहे. उत्तर काय येतं यापेक्षा ते देताना चेहरा कसा होतो ते पाहा.

शिक्षण कसं आहे ते कसं ओळखायचं? ऑफस्टेडचा, म्हणजे शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा, अहवाल वाचताना आधी तारीख बघा. २०१२ ते २०२० या काळात 'आउटस्टँडिंग' शेरा मिळालेल्या शाळांना नेहमीच्या तपासणीतून सूट होती, त्यामुळे फाटकावरचा तो फलक कधीकधी फार जुना असतो. २०२४ मध्ये एका शब्दातला शेरा बंद झाला आणि नोव्हेंबर २०२५ पासून वेगवेगळ्या बाबींवर शेरे देणारं रिपोर्ट कार्ड आलं आहे. कॅथलिक शाळांची दुसरीही एक तपासणी होते, धर्मशिक्षण आणि शाळेतल्या धर्मजीवनाची. २०२२ पासून ती कॅथलिक स्कूल्स इन्स्पेक्टोरेट करतं. हा अहवाल आपले लोक उघडतही नाहीत. इतर धर्मांच्या मुलांना शाळा कशी वागवते, याची चाहूल कित्येकदा त्यातच लागते.

निकालात सरासरी गुणांपेक्षा प्रोग्रेस एट हा आकडा जास्त बोलका. मूल अकराव्या वर्षी जिथे होतं तिथून पुढे किती गेलं हे तो मोजतो, शून्य म्हणजे देशाची सरासरी. पण २०२५ आणि २०२६ च्या तुकड्यांसाठी तो निघूच शकत नाही, कारण कोविडमुळे त्यांच्या प्राथमिकच्या परीक्षाच झाल्या नव्हत्या. म्हणून २०२४ आणि त्याआधीचे आकडे बघा, आणि त्यानंतर हेड बदलले आहेत का तेही विचारा. मला स्वतःला एक प्रश्न फार उपयोगी पडला: गेल्या वर्षी इयर एटला, म्हणजे माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाला, गणित कुणी शिकवलं? वर्षभर एकच शिक्षक होता का, त्याचा विषय गणितच होता का? शिक्षकांची टंचाई सगळीकडे आहे. चांगली शाळा ती लपवत नाही.

ओपन ईव्हनिंगला सगळ्याच शाळा नटतात. जमलं तर कामाच्या दिवशी सकाळी चक्कर मारा, बऱ्याच शाळा तशी वेळ देतात. एक तास संपून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या वेळेत जिन्यात उभं राहा. मुलं शिक्षकांशी कशी बोलतात, आणि जेवायला एकटं बसलेलं कुणी आहे का, ते दिसतं. शिकण्यात अडचण असलेल्या मुलांचं काय करतात ते विचारा, तुमचं मूल हुशार असलं तरी विचारा. दिवाळीची रजा कशी मांडतात तेही. धार्मिक सणाच्या दिवसाची गैरहजेरी मंजूर करण्याची तरतूद आहेच, पण काही शाळा ती आनंदाने देतात, काहींशी वाद घालावा लागतो.

मला या शाळांबद्दल जिव्हाळा वाटतो त्याचं कारण त्यांच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या, इथे कुणाला फारशा नको असलेल्या लोकांच्या मुलांसाठी त्या उभ्या राहिल्या. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी बिशपांनी १८४७ मध्ये समिती नेमली, आणि पुढे चर्च बांधण्याआधी शाळा बांधा असं धोरण ठेवलं. आजही फाटकावर उभं राहिलात तर पोलंड, नायजेरिया, फिलिपिन्स, केरळ, गोवा सगळे भेटतात. मडगावची एक आई मला तिथेच भेटली. तिची कोकणी आणि माझी मराठी, दोघींना एकमेकींचं सगळं समजायचं.

१ मार्चला उत्तर येतं. नकार आला तर प्रतीक्षा यादीत नाव राहू द्या, पण ती यादी आधी आला त्याला आधी अशी चालत नाही. तीही निकषांच्याच क्रमाने लागते, त्यामुळे उद्या परिसरात नवं कॅथलिक कुटुंब आलं तर ते तुमच्या वर जाईल. स्वतंत्र समितीपुढे अपील करता येतं. दरम्यान जी शाळा मिळाली असेल ती जागा लगेच स्वीकारा. त्याने प्रतीक्षा यादीतलं नावही जात नाही आणि अपिलाचा हक्कही.