संदकफूची पहाट: कांचनजंगा ते एव्हरेस्ट, पाच मिनिटांचे अंतर

दार्जिलिंगला जाणारे बहुतेक प्रवासी सूर्योदयासाठी टायगर हिलवर जातात आणि कॅमेरा गळ्यात दिसला की प्रत्येक जण तोच सल्ला देतो. टायगर हिलवरून कांचनजंगा उत्तम दिसते, यात वाद नाही; परंतु एव्हरेस्ट दिसलेच तर हवा अगदी निवळ असताना, तेही टोकापुरते, आणि त्या गर्दीत ट्रायपॉडचे तीन पाय पसरण्याइतकी जागा मिळणे हा नशिबाचा भाग. म्हणून नोव्हेंबरातल्या या प्रवासात मी टायगर हिल वगळले आणि संदकफूची वाट धरली. भारत आणि नेपाळ यांच्या सीमेवरून जाणाऱ्या सिंगालीला डोंगरधारेवरचे हे ठिकाण ३६३६ मीटर उंचीवर असून पश्चिम बंगालमधील सर्वांत उंच जागा म्हणून ते ओळखले जाते. जगातील पहिल्या पाच शिखरांपैकी के-टू सोडून बाकीची चार, म्हणजे एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से आणि मकालू, इथे एकाच जागी उभे राहून पाहता येतात. मला मात्र या यादीपेक्षा नकाशातील एका गोष्टीची ओढ अधिक होती. कांचनजंगा इथून जवळजवळ उत्तरेला आहे आणि एव्हरेस्टचा समूह वायव्येला; त्यामुळे एकाच सूर्योदयाचा प्रकाश या दोन पर्वतसमूहांवर वेगवेगळ्या कोनांतून आणि वेगवेगळ्या वेळी पडणार होता.

मानेभंज्यांग ते संदकफू हा सुमारे ३१ किलोमीटरचा रस्ता जीपने एका दिवसात चढता येतो, आणि तिथल्या जुन्या लँड रोव्हर गाड्यांचे कौतुक प्रवासी भरभरून करतात. मी तुमलिंग आणि कालीपोखरी येथे मुक्काम करत पायी गेलो. त्यात शौर्याचा भाग नव्हता. एवढ्या उंचीशी शरीराने जुळवून घ्यावे हे एक कारण, आणि वाटेत ढगांची दिनचर्या कळावी हे दुसरे. सिंगालीला राष्ट्रीय उद्यान पावसाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, बंद असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाने धुतलेली हवा मिळते. एप्रिलमध्ये गुरांसाची (ऱ्होडोडेंड्रॉनची) झाडे फुलांनी लाल होतात खरी, परंतु तेव्हाच्या धुरकट हवेत दूरची शिखरे फिकी पडतात. चालताना लक्षात आले की ऊन वर आले की दऱ्यांतून ढग चढू लागतात, दुपारपर्यंत धार झाकून टाकतात आणि रात्री गारठा वाढला की पुन्हा खाली बसतात. इथे सूर्योदयाला एवढे महत्त्व का, याचे निम्मे उत्तर ढगांच्या या वागण्यातच आहे. उरलेले निम्मे प्रकाशात.

संदकफूला पोचल्यावर दुपारचा वेळ मी होकायंत्र घेऊन धारेवर फिरण्यात घालवला. नोव्हेंबरच्या मध्यावर या अक्षांशावर सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही. तो सुमारे २१ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. कांचनजंगेकडे तोंड करून उभे राहिले तर तो बरोबर उजव्या खांद्यावरून, किंचित मागून येतो, आणि एव्हरेस्टकडे वळले की जवळजवळ पाठीमागे असतो. एका शिखरावर तिरपा प्रकाश आणि दुसऱ्यावर समोरून येणारा. हे आदल्या दिवशी पक्के ठाऊक असले की पहाटेच्या अंधारात धावपळ करावी लागत नाही. आमच्या वाटाड्याने, ज्यांना आम्ही सगळे दाजू, म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ, म्हणत होतो, माझे हातवारे बराच वेळ पाहिले आणि मग मुक्कामाच्या इमारतींपासून थोड्या दूर असलेल्या एका उंचवट्याकडे बोट दाखवले. तिथून दोन्ही समूह मोकळे दिसत होते, मध्ये विजेची तार येत नव्हती आणि अग्रभागी वाऱ्याने एका अंगाला झुकलेली फरची झाडे होती. कॅमेऱ्यातल्या सगळ्या सोयींपेक्षा अशी जागा दाखवणारा माणूस मोलाचा असतो, असे माझे मत आहे.

लेन्सच्या बाबतीत संदकफू बऱ्याच जणांची निराशा करते. डोळ्यांना कांचनजंगा प्रचंड भासते, म्हणून माणूस सहज वाइड अँगल लावतो, आणि चित्रात मात्र क्षितिजावर पांढरी किनार तेवढी उरते. याचे कारण साध्या भूमितीत आहे. ८५८६ मीटर उंचीचे ते शिखर इथून सरळ रेषेत ६५ ते ७० किलोमीटरवर आहे आणि क्षितिजरेषेपासून ते जेमतेम चार अंश वर येते. हात लांब करून मूठ धरली तर तिच्या निम्म्याहूनही कमी. २४ मिलिमीटरच्या, म्हणजे वाइड, लेन्सने आडवे चित्र घेतले तर एवढा पर्वत फ्रेमच्या उंचीच्या तेराव्या हिश्शात मावतो. याउलट डावीकडच्या कुंभकर्ण शिखरापासून उजवीकडच्या पांडिम शिखरापर्यंतची, निद्रिस्त बुद्ध म्हणून प्रसिद्ध असलेली संपूर्ण रांग साधारण १८ ते १९ अंशांत पसरलेली आहे, आणि फुल फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर सुमारे १०० मिलिमीटरला ती कडेला थोडी जागा सोडून नीट बसते. एव्हरेस्टचा समूह तर दोन-अडीच अंशांचाच खेळ आहे. त्याला ४०० मिलिमीटरही फार होत नाहीत. माझ्याकडे ७०-२०० आणि १००-४०० अशा दोन झूम होत्या. वाइड लेन्स खोलीवरच ठेवली.

पहाटे साडेचारला बाहेर पडलो तेव्हा गवतावर हिमकण धरले होते. ट्रायपॉडची मधली दांडी खालीच ठेवून त्याचे पाय दगडांत रोवले आणि लेन्स स्थिर करण्याची यंत्रणा बंद केली. ट्रायपॉडवर ती चालू राहिली तर काही लेन्समध्ये उलट तीच हालचाल निर्माण करते. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे थेट दृश्य, पूर्ण मोठे करून एका ठळक ताऱ्यावर हाताने फोकस साधला आणि रिंगवर चिकटपट्टी लावली, कारण गार पडलेल्या बोटांचा नकळत धक्का लागला तरी अनंतावरचा फोकस हलतो. थंडीत बॅटरीची ताकद झपाट्याने उतरते, म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला होत्या. बाकी वाट पाहणे होते.

सूर्योदयापूर्वी साधारण पंचवीस मिनिटे पूर्वेला तांबडे फुटते आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे वळतात. त्या वेळी पश्चिमेकडे पाहणारा माणूस क्वचित भेटतो, आणि मला सांगायचे आहे ते नेमके हेच: या अर्ध्या तासातले बरेचसे चांगले चित्र सूर्याच्या विरुद्ध बाजूला तयार होत असते. एव्हरेस्टच्या मागे क्षितिजालगत राखी-निळा पट्टा दिसू लागला. ती पृथ्वीची स्वतःची सावली, वातावरणावर पडलेली. तिच्या वर गुलाबी पट्टा होता, ज्याला बेल्ट ऑफ व्हीनस म्हणतात. क्षितिजाखालच्या सूर्याचा तांबूस झालेला प्रकाश समोरच्या हवेतून उलटा विखुरला की तो दिसतो. सूर्य जसजसा वर येतो तसतशी सावली खाली बसते आणि गुलाबी पट्टा उतरत उतरत बर्फाच्या रेषेला टेकतो. मकालूच्या खांद्यामागे तो टेकला तेव्हा बर्फ अजून निळा होता आणि आकाश गुलाबी. पुढे उन्हात जे रंग येतात त्यांच्या बरोबर उलट ही रंगसंगती, आणि माझ्या दृष्टीने त्या पहाटेतील सर्वांत नाजूक. एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, तेव्हा दोन-तीन सेकंदांचे होते आणि वाऱ्याच्या दोन झोतांमधली शांत फट गाठून शटर सोडावे लागत होते.

मग मी कॅमेरा उत्तरेकडे वळवला. उंच जागेला ऊन आधी मिळते, कारण तिथून क्षितिज अधिक खाली झुकलेले असते. कांचनजंगेच्या माथ्यावर ते संदकफूच्या चारेक मिनिटे आधी पोचते. सुरुवातीला शिखरावर एकच ठिपका उमटला, विझत्या निखाऱ्यासारखा, आणि तो खाली न पसरता आधी कडेकडेने सरकला. हिरवा-निळा प्रकाश लांबच्या वाटेत विखुरून गेलेला असतो, म्हणून पहिले ऊन लाल असते. ते उजव्या बाजूने तिरपे येत असल्यामुळे प्रत्येक दांड्याची सावली शेजारच्या घळीत पडत होती आणि आतापर्यंत सपाट भासणारा पर्वत खोल दिसू लागला. १०० मिलिमीटरवरून मी लगेच २०० वर गेलो. रांगेचे संपूर्ण चित्र हवेच, परंतु तिरप्या प्रकाशाचे खरे काम एकेका धारेत दिसते.

इथे दोन तांत्रिक गोष्टी सांगणे गरजेचे आहे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग कोणता धरायचा याचा हिशोब, आपोआप ठरू दिला तर कॅमेरा गुलाबी बर्फाला दोष समजून तो पांढरा करू पाहतो. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, तो नंतर बदलता येतो हे खरे, पण पडद्यावर दिसणाऱ्या फिक्या चित्रावर विश्वास ठेवून माणूस तिथल्या तिथे चुकीचे निर्णय घेतो. म्हणून मी तो दिवसाच्या उन्हासाठी असलेल्या, ५२०० ते ५५०० केल्विनच्या स्थिर खुणेवर ठेवतो. दुसरी गोष्ट हिस्टोग्रामची, म्हणजे चित्रातला उजेड दाखवणाऱ्या आलेखाची. उजेडाचा एकत्र आलेख सुरक्षित दिसत असतानाही लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला धडकलेला असू शकतो, आणि तसे झाले की निखाऱ्याच्या जागी तपशील नसलेला नारिंगी डाग मिळतो. तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहावेत आणि एक्स्पोजर लाल रंग सांगेल तिथे थांबवावे, मग खालची झाडे काळी पडली तरी चालतील. शंका असेल तर कमी-अधिक एक्स्पोजरची तीन चित्रे घ्यावीत. मला स्वतःला काळी पडलेली फरची झाडे आवडतात. सावलीतले पानन् पान दिसलेच पाहिजे हा आग्रह पहाटेला शोभत नाही.

एव्हरेस्ट कांचनजंगेपेक्षा २६० मीटरहून अधिक उंच आहे, तरी त्याला ऊन नंतर मिळते. उंचीमुळे मिळणारी आघाडी काही सेकंदांची असते, आणि ते रेखांशात सव्वा अंश पश्चिमेला असल्यामुळे होणारा उशीर पाच मिनिटांच्या घरात जातो. ही पाच मिनिटे संदकफूवरच्या छायाचित्रकाराला देणगीच आहेत, कारण उत्तरेचे काम उरकून वायव्येकडे वळायला त्यांत पुरेसा वेळ मिळतो. मी १००-४०० लावून ल्होत्से, एव्हरेस्ट आणि मकालू डावीकडून उजवीकडे असे फ्रेममध्ये घेतले. मकालू सुमारे वीस किलोमीटर जवळ असल्याने इथून तोच सर्वांत उंच दिसतो, आणि दाजूंच्या म्हणण्यानुसार दर गटात कुणीतरी त्यालाच एव्हरेस्ट म्हणून घरी फोटो पाठवते. प्रकाश समोरून असल्यामुळे शिखरांवर खोली फारशी नव्हती. त्यांची सारी गंमत रंगात आणि खालच्या एकामागून एक फिकट होत जाणाऱ्या निळ्या डोंगररांगांत होती. म्हणून शिखरे फ्रेमच्या वरच्या पावात ठेवली आणि उरलेली जागा त्या रांगांना दिली.

याच सुमारास आमच्यावरही ऊन आले. टाळ्या झाल्या, सेल्फी झाल्या, आणि पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक मंडळी नाश्त्याला गेली. बर्फ पांढरा होत गेला तसे त्यात माझेही लक्ष उरले नाही, परंतु पूर्वेकडच्या दऱ्यांतले धुके आता उजळू लागले होते. प्रकाशाच्या विरुद्ध पाहताना सूर्य फ्रेमबाहेर ठेवावा आणि लेन्सवर हाताची सावली धरावी. मग धुक्यातून वर आलेल्या झाडांच्या कडा तेवढ्या चमकतात. तासाभराने ढग चढू लागले आणि मी कॅमेरा पिशवीत घालून, चेन पूर्ण लावून, मगच खोलीत नेला, म्हणजे उबदार हवेतील दमट वाफ गार काचेवर बसत नाही.

पुढचा मुक्काम फालुटला होता. ३६०० मीटर उंचीच्या या जागी पश्चिम बंगाल, सिक्कीम आणि नेपाळ यांच्या सीमा मिळतात, आणि कांचनजंगा इथून आणखी दहा-बारा किलोमीटर जवळ येते. १८९९ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक डग्लस फ्रेशफील्ड यांच्या मोहिमेबरोबर विट्टोरिओ सेला या इटालियन छायाचित्रकाराने याच पर्वताची प्रदक्षिणा केली होती, काचेच्या प्लेटा वाहून नेत. त्यांची चित्रे कृष्णधवल आहेत आणि तरीही त्यांत बर्फाचे वजन जाणवते, कारण त्यांनी रंगाऐवजी सावलीवर भर दिला. ते डोक्यात ठेवून फालुटच्या पहाटे मी पहिले लाल ऊन मुद्दाम जाऊ दिले आणि ते पिवळसर झाल्यावर, घळी अजून सावलीत असताना, कुंभकर्णाच्या कड्याचे चित्र ४०० मिलिमीटरवर घेतले. नंतर संगणकावर त्यातला रंग काढून टाकला. या प्रवासातील छापून भिंतीवर लावण्याजोगे चित्र निवडायची वेळ आली तेव्हा संदकफूच्या साऱ्या लाल-गुलाबी चित्रांना मागे टाकून मी हेच निवडले, आणि ज्यांना ज्यांना दाखवले त्यांतल्या बहुतेकांनी विचारले की सूर्योदयाचे चित्र कुठे आहे.