बोहरी आळीतलं छप्पर

ताडपत्री मागितली की बोहरी आळीतला दुकानदार आधी माप विचारत नाही, "कशावर टाकायची?" असं विचारतो. कांद्याच्या ढिगावर, टेम्पोवर, सिमेंटच्या गोण्यांवर की गळक्या पत्र्यावर, यावर तो कुठल्या थप्पीला हात घालणार हे ठरतं. "माणसांवर" हे उत्तर त्याच्या हिशेबात नसतं. "म्हणजे मंडप?" नाही हो, डोंगरात एक रात्र काढायचीय, दोन झाडांना दोर बांधून वर टाकायचीय. मग तो माझ्याकडे बघतो, माझ्या पाठीवरच्या सॅककडे बघतो आणि निकाल देतो, "हलकी न्या ताई. वाहायची तुम्हालाच आहे."

पुण्यात रविवार पेठेतली ही आळी, मुंबईत लोहार चाळ आणि तिच्या आसपासच्या गल्ल्या. स्वस्तात डोक्यावर छप्पर हवं असेल तर ट्रेकिंगच्या दुकानाआधी इथे यावं, असं माझं ठाम मत आहे. त्या दुकानात हेच छप्पर शेवाळी रंगात, मुठीएवढ्या पिशवीत कोंबलेलं मिळतं आणि किंमत ऐकून आपण ते हळूच जागेवर ठेवतो. ते वजनाला खरंच हलकं असतं, नाकारत नाही. हिमालयात आठवडाभर चालायचं असेल तर त्या हलकेपणाचे पैसे जरूर मोजावेत. मावळात ओळखीच्या शेताच्या बांधावर शनिवारची रात्र काढायला एवढा थाट कशाला?

दुकानदार तोंडाने 'जाडी' म्हणतो आणि गठ्ठ्यावरचा छाप 'जीएसएम' म्हणतो. एका चौरस मीटरला किती ग्रॅम, एवढंच ते. पण तो आकडा कळला की पुढचं गणित घरी बसून करता येतं. 12 बाय 15 फुटांची ताडपत्री म्हणजे साधारण पावणेसतरा चौरस मीटर. 120 जीएसएमची घेतली तर दोन किलो भरते, 250ची घेतली तर चार किलोंच्या वर जाते. हे वरचे दोन किलो टेम्पोला कळतही नाहीत. राजगडाच्या चोर दरवाज्याची वाट चढताना प्रत्येक पावलाला कळतात. तिघांना 9 बाय 12ची 120 जीएसएम पुरते आणि ती सव्वा किलोच्या आत बसते. सांगितलेलं माप बहुधा कडा दुमडण्याआधीचं असतं, तेव्हा हातात येते ती चार-सहा बोटं कमीच. घेण्याआधी उजेडासमोर धरून बघावी. आत पॉलिथिनच्या पट्ट्यांची वीण असते आणि वरून लेप. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चमकले तर तिथे लेप विरळ आहे, आणि आषाढातला पाऊस ते ठिपके बरोब्बर शोधून काढतो. शेतकरी ज्याला सिलपोलिन म्हणतात त्याची जात वेगळी. ते विणलेलं नसतं, उभे-आडवे थर एकमेकांवर चिकटवलेले असतात, त्यामुळे एके ठिकाणी फाटलं तरी फाट सहसा पुढे पळत नाही. पैसे थोडे जास्त पडतात. मी देते.

कडेला बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या रिंगांवर मात्र माझा भरवसा नाही. जोराचा वारा सुटला की आधी त्याच उपटतात आणि जाताना कापड घेऊन जातात. बांधावरच्या मामांनी दाखवलेली रीत भारी आहे: कोपऱ्याच्या आत लिंबाएवढा गुळगुळीत गोटा ठेवायचा, ताडपत्री त्याच्याभोवती आवळायची आणि गोट्याच्या गळ्याशी दोरी बांधायची. भोकच नाही, मग फाटायला सुरुवात कुठून करणार? तंबूबरोबर येणाऱ्या नाजूक खुंट्याही सह्याद्रीत बऱ्याचदा शोभेच्याच ठरतात. माथ्यावर वीतभर माती आणि खाली कातळ. तिथे दोरी धोंड्यालाच बांधावी लागते, आणि धोंड्यांची आपल्याकडे टंचाई नाही.

दोरीला स्वभाव असतो. सुतळी भिजली की आखडते, नायलॉन भिजलं की सैलावतं, आणि ती स्वस्तातली निळी प्लास्टिकची दोरी इतकी गुळगुळीत, की गाठ मारून पाठ फिरवावी तर सुटायला लागते. मला काथ्या आवडतो. हाताला टोचतो, पण धरलं ते सोडत नाही. पंक्चरच्या दुकानात सायकलची जुनी ट्यूब चहाच्या पैशांत किंवा फुकटही मिळते. तिच्या पट्ट्या कापून दोरी आणि ताडपत्रीच्या मध्ये घातल्या की वाऱ्याचा हिसका ट्यूब खाते. दोरीवरून पाणी चालत आत येतं, त्याचाही इलाज साधा आहे. छपराच्या बाहेर दोरीला सुतळीचा एक तुकडा लोंबता बांधायचा, पाणी तिथेच खाली उतरतं. आणि गाठ सुरगाठच मारायची. रात्री दीडला, गारठलेल्या बोटांनी दोर ताणायची पाळी येते तेव्हा निरगाठ मारणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. (मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात मोहिमा थांबवत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडत. आम्ही नेमके जूनमध्ये बाहेर पडतो आणि दसऱ्याला घरी बसून सोनं वाटतो.)

हत्यारांसाठी मी आळी सोडून गावाबाहेरच्या रस्त्याला लागते. घिसाडी कुटुंबं तिथे रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेली असतात. जमिनीत खणलेला खड्डा हीच भट्टी, वारा घालायला हाताने फिरवायचा पंखा. गडी सांडशीत लाल लोखंड धरून बसतो आणि घण घालते ती बाई. कडेवरचं पोर खाली ठेवून ती उभी राहते, आणि तो सांडशी किंचित फिरवतो तिथेच तिचा घाव पडतो. दोघांत एक शब्द होत नाही. लोखंड बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या पाट्यांचं असतं, म्हणजे स्प्रिंगचं पोलाद. पातं पाण्यात कधी बुडवायचं हे ती दोघं त्याच्या रंगावरून ठरवतात.

"धार टिकेल ना, मावशी?"

"टिकंल की. न्हाई टिकली तर आणून दे. पाऊस पडंस्तवर आम्ही हितंच हाय."

तिच्याकडे मी खुरपं घेते. डोंगरात रात्र काढायला खुरप्यासारखं हत्यार नाही. बांधावर छपराभोवती पाण्याला वाट काढायला चर मारायचा, बसायच्या जागेवरचे काटे उपटायचे, चुलीचे दगड नीट बसवायचे. सगळं खुरपं करतं आणि सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात मावतं. लोकांना हौस कोयत्याची. कोयता हातात आला की माणूस उगाच कशावर तरी चालवतो. शिवाय पुण्यात कोयता घेऊन हिंडणाऱ्या टोळ्यांचा उच्छाद झाल्यापासून कोयत्याच्या गिऱ्हाइकाकडे जरा निरखूनच बघितलं जातं. 2023च्या सुरुवातीला तर विकत घेताना आधार कार्ड दाखवायची वेळ आली होती. आणि तोडायचं काय? कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा परिसर 1986 पासून अभयारण्य आहे, तिथे फांदीला हात लावणं गुन्हा. कारवीच्या काठ्या सरळसोट आणि मोह पाडणाऱ्या असतात खऱ्या, पण जे झुडूप सात वर्षांनी एकदा फुलतं ते आपल्या एका रात्रीच्या आडोशासाठी तोडायचं म्हणजे जास्तच झालं. चालायच्या काठ्या खांब म्हणून चालतात, नाहीतर मामांच्या गोठ्यामागचा बांबू असतोच.

घिसाड्यांच्या पालावरही तीच निळी ताडपत्री असते, मी आळीत घेतलेली. फक्त त्यांनी ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली बांधलेली असते. वाऱ्याकडची बाजू जमिनीला टेकवलेली, मधोमध बांबूचा आढा, वर जुने टायर, भोवती चर. खुरप्याला धार लागेपर्यंत मी ते न्याहाळत बसते. त्यांचं छप्पर हौसेचं नाही आणि माझं आहे, हे दोघींनाही माहीत असतं. मावशी एकदा हसून म्हणाली होती, "घर असून असल्यात कशाला झोपता गं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण छप्पर कसं बांधायचं हे त्याखाली बारा महिने राहणाऱ्यांना विचारावं, एवढी अक्कल आहे.

दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांच्या आसपास उभ्या राहणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या कोप्याही अशाच बघण्यासारख्या. बीडकडून आलेली माणसं बांबूच्या कांबी वाकवून, वर चटई आणि प्लास्टिक टाकून, दिवस मावळायच्या आत घर उभं करतात. कोपी बुटकी, वाकून आत शिरायची. उघड्या माळावरचा वारा तिच्या पाठीवरून निघून जातो. आम्ही हौशी लोक छप्पर बांधतो ते आत ताठ उभं राहता यावं असं उंच, आणि मग रात्रभर त्याला धरून उभे राहतो. पंढरीच्या वाटेवरचा वारकरी तर बांधण्याच्या भानगडीतच पडत नाही. प्लास्टिकचा एक कागद: पाऊस आला की डोक्यावर, थांबला की खाली अंथरायला.

अगदीच फुकटात हवं असेल तर फ्लेक्स आहेच. वाढदिवस उलटला की दादांचा फ्लेक्स उतरतो आणि एखाद्या गोठ्यावर चढतो. वजनाला 300 जीएसएमच्याही पुढे, म्हणून पाठीवर न्यायला नको; पण गाडी जाते तिथे अंथरायला उत्तम. एक पथ्य पाळावं, छापलेली बाजू खाली ठेवावी. भावी आमदार हात जोडून रात्रभर आपल्याकडे बघत असताना झोप लागत नाही.

ताडपत्री परत आली की झटकून, सावलीत वाळवून, अंधाऱ्या जागी घडी करून ठेवावी. पाण्याने ती कुजत नाही, उन्हाने मरते. एवढं मी पाळते. पण ही चीज घरात आली की एकट्या ट्रेकची राहत नाही. मे महिन्यात तिच्यावर गच्चीत कुरडया पडतात, रंगारी आला की ती सोफ्यावर जाते, गणपतीत सोसायटीच्या मांडवाला ठिगळ म्हणून लागते. यंदा शेजारच्या काकूंनी तिच्यावर वर्षाच्या लाल तिखटाच्या मिरच्या वाळवल्या आणि छान घडी घालून परत दिली. पहिल्या पावसात ती बांधावर उघडली आणि मामांच्या बैलांसकट आम्ही सगळे शिंकत सुटलो.