जेव्ही ते व्हार्सिटी: लेकाला बॅटिंगची जागा मिळाली त्याची गोष्ट

माझा मुलगा आता हायस्कूलच्या मुख्य बेसबॉल संघात, म्हणजे व्हार्सिटीत, सातव्या क्रमांकावर बॅटिंग करतो. नववीत फ्रेशमन, म्हणजे नववीच्या मुलांच्या संघात होता, अकरावीत ही जागा मिळाली. न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीतली मराठी मुलं आता बेसबॉलकडे वळायला लागली आहेत आणि त्यांचे आईवडील मला विचारतात, म्हणून लिहिते आहे.

पहिला धक्का मैदानाच्या मापाचा असतो. लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, पिचर (चेंडू टाकणारा) बॅटिंगच्या जागेपासून ४६ फुटांवर उभा असतो आणि दोन बेसमध्ये, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांमध्ये, ६० फूट अंतर असतं. हायस्कूलला तेच ६० फूट ६ इंच आणि ९० फूट होतं. बॅटही बदलते. इंचातली लांबी आणि औंसातलं वजन यांत तीनपेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणजे ३२ इंची बॅट किमान २९ औंसांची हवी. लहानपणी हलक्या बॅटने कुंपणाकडे जाणारे फटके आता इनफिल्डमध्येच, म्हणजे बेसच्या आसपासच, झेलले जातात. कितीतरी चांगली मुलं इथेच खेळ सोडतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण ती कमी पडलेली नसतात, त्यांचं अंग अजून भरायचं असतं.

त्याच्या बाबांनी त्याला आधी क्रिकेट शिकवलं होतं, त्यामुळे नजर आणि हात तयार होते. पण ऑफ स्टंपबाहेरचे चेंडू सोडून सोडून गोलंदाजाला दमवायची सवय इथे अर्धीच कामाला येते. बॅटरसमोरच्या प्लेटवरून, छाती ते गुडघा या पट्ट्यातून गेलेला चेंडू सोडला की स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइकला बाद. उलट पट्ट्याबाहेरचे चार (त्यांना ‘बॉल’ म्हणतात) सोडले की पहिला बेस फुकट, यालाच वॉक म्हणतात. पिचरच्या हातून चेंडू सुटताच तो फास्टबॉल (वेगवान) आहे की कर्व्ह (वळणारा), हे ओळखावं लागतं. निर्णयाला अर्धा सेकंदही मिळत नाही. हिवाळाभर इनडोअर केजमध्ये, म्हणजे सरावाच्या बंदिस्त जाळीत, त्याने याचाच सराव केला. काही दिवस तर बॅट खांद्यावरच ठेवायची आणि प्रत्येक चेंडूला फक्त मोठ्याने ‘स्ट्राइक’ किंवा ‘बॉल’ म्हणायचं. बघणाऱ्याला हा सराव वाटतच नाही. माझ्या मते तो सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

दहावीत तो जेव्हीत, म्हणजे दुसऱ्या फळीच्या संघात होता. तिथले कोच बॅटिंगची सरासरी, म्हणजे दर प्रयत्नामागे किती यशस्वी फटके, हे बघतच नसत. त्यांच्या तक्त्यात वेगळ्याच गोष्टींची नोंद व्हायची: पिचरला सहा-सात चेंडू टाकायला लावले का, वॉक मिळवला का, कोणी बाद नसताना सेकंड बेसवरच्या साथीदाराला उजवीकडे चेंडू मारून थर्डवर नेलं का, चेंडू खणखणीत लागला का, मग तो झेलला गेला तरी चालेल. दोन स्ट्राइक झाल्यावर बॅट जरा वर धरून छोटा स्विंग घ्यायचं तो या तक्त्यामुळे शिकला. स्ट्राइकआउट कमी झाले आणि मानही ताठ झाली.

अकरावीच्या सुरुवातीला व्हार्सिटीत नाव आलं, पण काम फक्त दुसऱ्याच्या जागी धावायचं. मग कोचनी त्याला पुन्हा जेव्हीत पाठवलं. घरात दोन दिवस कोणी नीट बोललं नाही. मला मात्र तो निर्णय पटला होता. सोळा वर्षांच्या हिटरला बेंचवरच्या मानापेक्षा रोजची बॅटिंग हवी. आमच्याच राज्यातल्या मिलव्हिलचा माइक ट्राउट २०११ मध्ये मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक पातळीवर, आला, ४० सामन्यांत त्याची सरासरी .२२० होती, म्हणजे शंभरात २२ यशस्वी फटके. २०१२ ची सुरुवात त्याने पुन्हा ट्रिपल-ए मध्ये, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खाली, केली, एप्रिलअखेर परत आला आणि त्याच वर्षी .३२६ सरासरी, ३० होमरन, ४९ बेसचोऱ्या (फटका नसताना धावून पुढचा बेस गाठणं) करून रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू, ठरला. हे मी लेकाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आई, तो ट्राउट आहे.” खरं आहे, पण रोज खेळायला मिळण्याचं महत्त्व दोघांना सारखंच.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लवकर लक्षात येत नाही. नुसती बॅट चालून भागत नाही, मैदानात उभं करायला जागा लागते. आमचा मुलगा सेकंड बेसवाला, आणि तिथे बारावीतला पक्का खेळाडू होता. “मला खेळायला मिळावं म्हणून काय करू?” हे त्याने स्वतः जाऊन कोचना विचारलं. आम्ही गेलो नाही, जाऊही नये. इथे बरेच कोच खेळवण्याबद्दल पालकांशी बोलतच नाहीत. उत्तर सरळ होतं: लेफ्ट फील्ड (बाहेरच्या मैदानाची डावी बाजू) शिक, आणि डावखुऱ्या पिचरसमोर तयार राहा. उजव्या हाताने खेळणाऱ्याला डावखुऱ्याचा चेंडू जास्त चांगला दिसतो, म्हणून पहिली संधी बहुधा तिथेच मिळते. त्याला तशीच मिळाली. त्या दिवशी एक वॉक आणि राइट फील्डला एक सिंगल, म्हणजे पहिल्या बेसपर्यंतचा फटका. पुढच्या डावखुऱ्यालाही तोच खेळला, आणि सीझनच्या शेवटी शेवटी उजव्या पिचरसमोरही त्याचं नाव लाइनअपमध्ये राहू लागलं. आतल्या अंगाला येणारा वेगवान चेंडू त्याला अजून जड जातो. या हिवाळ्यात केजमध्ये त्यावरच काम चाललं आहे.