खालचा फवारा

दुपारी तीन वाजता कॉक बंद केला. लॉनच्या उतारावरचे पाच फवारे माना टाकून गप्प झाले. गडग्याजवळचा सहावा मात्र रडतच राहिला. पाच मिनिटं झाली, सात झाली, तरी थांबेना.

"काका, पाइपात राहिलेलं पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून उतरतं. तिथे स्प्रिंगचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, दाब गेला की तो मिटतो," मुंबईहून पुतण्याचा फोन. हे लॉन त्याचंच. पुढेमागे होमस्टे काढायचाय म्हणे. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, चार महिने रान उपटून कंबर मोडते, आणि एप्रिलात त्याच गवताला आम्ही पाणी पाजायचं! असो. पाइप मी उताराला आडवे, एका पातळीत टाकलेत. उभे टाकले असते तर 10 मीटर उतरलं की एक किलो दाब वाढतो. वरचे फवारे मरतुकडे झाले असते आणि खालचा शेजाऱ्यांच्या पडवीत गेला असता. फवाऱ्याची नळीही ओळंब्यात उभी न करता उताराच्या काटकोनात जरा कलती ठेवली आहे. नाहीतर वरच्या अंगाला धार लगेच मातीत घुसते.

तरी पाणी धावतंच. सलग अर्धा तास सोडलं की मुरायच्या आधीच गडग्याखाली. म्हणून दहा मिनिटं सोडायचं, थांबायचं, पुन्हा दहा मिनिटं. हे करता करता आमचे आजोबा आठवले. ते विहिरीवर लाट, म्हणजे पाणी उपसायचा लांब दांडा, ओढत. पाणी दोणीत, दोणीतून पोफळीच्या पन्हळीत, पन्हळीतून आगरात. थोडा वेळ ओढलं की लाट सोडून पान लावायला बसत. चुना, सुपारी, सगळं सावकाश. आजी म्हणायची, "शिंपणं कमी, पान जास्त." आम्हालाही तो आळसच वाटायचा.

माझ्याकडे फावडं असायचं. एक आळं भरलं की त्याचं तोंड मातीने लिंपायचं आणि दुसऱ्याचं उघडायचं. पाण्याच्या पुढे पोचायला मी धडपडत धावायचो. आजोबा वरून ओरडायचे, "पाणी खालीच जाणार रे, तू कशाला धावतोस?"

शेवटच्या पोफळीला कधी स्वतंत्र पाणी दिल्याचं आठवत नाही. आगरातली सर्वांत उंच तीच होती.

व्हॉल्व्ह रत्नागिरीहून आणला आहे. पण सहाव्या फवाऱ्याखाली एक टीचभर डबकं झालंय, तिथे चारच्या सुमाराला एक दयाळ येतो. पंख झाडून, शेपटी उडवून सगळा शहाणपणा दाखवत अंघोळ करतो. आज तो आला तेव्हा मी पाना घेऊनच उभा होतो.

व्हॉल्व्हची पिशवी सध्या खुंटीला आहे. पुतण्या मे महिन्यात येईल, तोवर बघू.